चादरीचं दुसरं टोक

"बघ, बघ तो कोपरा कुठे चाललाय! चादरीची घडी आहे की कागदाची होडी?"

चादरींना इस्त्री करणाऱ्या रोलरच्या घरघरीत बोलायचं तर तोंड कानाला लावूनच बोलावं लागतं, त्यामुळे कात्रीची कुरकुर ताईच्या कानात गरम वाफेसारखी शिरली. कात्री ही तिची रोलरवरची जोडीदारीण. आईबापांनी नाव काहीही ठेवलेलं असो, जिभेमुळे सगळी लाँड्री तिला कात्रीच म्हणायची आणि तीही खुशाल त्या नावाला ओ द्यायची.

"आणि वर हसतायत," कात्री पुढे म्हणाली. "पिवळ्यांना काय, आज इथे, उद्या तिथे. बोलणी खायला आपण आहोतच. त्यातली ती मधली तर... जाऊ दे, मी काही बोलत नाही."

"बोललीस की."

"ती मधली तुझी सून आहे म्हणून नाही बोलत."

ताईने रोलरच्या तोंडात पुढची चादर सरकवली, पण मान वर केली नाही. मान वर न करताही तिला दिसत होतं. पलीकडच्या मधल्या टेबलावर पिवळा एप्रन घातलेली तिची सून दुसऱ्या एका पिवळ्या एप्रनवालीबरोबर चादरीचे कोपरे जुळवत होती, आणि कोपरा खरंच वाकडा जात होता. चार पावलं जाऊन सांगावं, बाई गं, आधी शिवणीची बाजू वर घे, मग कोपरा आपल्या पायाने चालत येतो, असं ताईला फार वाटलं. घरी तिने हे सांगितलं असतं. घरी तर तिने न विचारता दहा गोष्टी सांगितल्या असत्या. इथे मात्र सांगायचं नव्हतं. इथला कायदाच तसा होता, आणि तो कुठल्या सरकारने नव्हे, ताईच्या माणसांनीच केला होता.

ही लाँड्री म्हणजे काही कोपऱ्यावरचं इस्त्रीचं दुकान नव्हे. शहरातल्या सगळ्या मोठ्या दवाखान्यांचे कपडे इथे यायचे. चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे डगले, ऑपरेशनची हिरवी कापडं. शहरातली माणसं जन्मायची ती इथल्या चादरीवर, बरी व्हायची ती इथल्या चादरीवर आणि नाही झाली तर डोक्यावरून ओढली जायची तीही इथलीच चादर. पण मधल्या सगळ्या आयुष्यात त्यांना या लाँड्रीचा पत्तासुद्धा माहीत नसायचा. ताई म्हणायची, "आपलं काम दिसलं की समजावं चुकलंय. बरोबर असतं तेव्हा कुणाला दिसत नाही."

फार पूर्वी, ताई इथे नवीन लागली तेव्हा बसायला खुर्ची नव्हती, रक्ताचे कपडे उचलायला हातमोजे नव्हते आणि आजारी पडलं की नोकरी गेली असं समजायचं होतं. मग संप झाला. मालकाने मागच्या दाराने बाहेरची माणसं आणून कामावर उभी केली. निम्म्या बायका बाहेर फाटकात बसल्या होत्या, पण निम्म्या अजून आत होत्या. आतल्यांनी घोषणा दिली नाही की दगड मारला नाही. त्यांनी फक्त एक केलं. बाहेरून आणलेल्या माणसाने चादर उचलली की तिचं दुसरं टोक धरायचं नाही. बस्स. दवाखान्याची भिजलेली डबल चादर एकट्याने ओढून बघावी म्हणजे कळतं. ती ओढणाऱ्यालाच ओढते. बघता बघता ओल्या चादरींचे डोंगर झाले, त्यांना वास मारायला लागला, दवाखान्यांचे फोन आले आणि मालक हातमोजे, खुर्च्या आणि आजारपणाची रजा घेऊन बोलणी करायला आला.

तेव्हापासून तो नियम. ज्याच्याकडे संघटनेचं कार्ड नाही, त्याच्या चादरीचं दुसरं टोक धरायचं नाही. नवीन बाई कामाला लागली की तिला संडास कुठे आहे हे सांगायच्या आधी हे सांगायचे. ताई त्या संपातली सगळ्यात धाकटी होती. आता ती संघटनेची सरचिटणीस होती, आणि ती गोष्ट सांगताना अजूनही तिच्या पाठीचा कणा आपोआप ताठ व्हायचा.

पण माणसाने नियम केला की काळ त्याच्याभोवती फेऱ्या मारायला लागतो, फट कुठे आहे ते बघत. मालकाने निळ्या एप्रनची, म्हणजे कायम कामगारांची, भरतीच बंद केली. एक निळी निवृत्त झाली की तिच्या जागी कंत्राटदाराकडून पिवळी यायची. काम तेच, वाफ तीच, पगार मात्र कमी, रजेचं नाव नाही. संघटनेच्या घटनेत तर लिहिलेलंच होतं, सभासद होईल तो कायम कामगार. म्हणजे पिवळ्यांना कार्ड मिळायची सोय नाही, आणि कार्ड नाही म्हणून त्यांच्या चादरीला हात लावायचा नाही, की त्यांना काम शिकवायचं नाही. जो नियम संप फोडणाऱ्यांसाठी केला, तो पोटासाठी आलेल्या पोरींना लागू झाला. हे कुणी ठरवलं नव्हतं. ते आपलं होत गेलं. निळ्या रोलरवर, पिवळ्या घडीच्या टेबलावर, आणि मधे फरशीवर ट्रॉल्यांसाठी आखलेली एक रेघ. त्या रेघेला आता वेगळाच अर्थ आला होता.

ताईच्या मुलाची नोकरी सुटली तेव्हा सून म्हणाली, "मी येते लाँड्रीत." आणि आली. पिवळी होऊन.

*

जेवणाच्या सुट्टीत शिट्टीकाकांनी ताईला बॉयलरच्या खोलीत बोलावलं. शिट्टीकाका म्हणजे बॉयलरवाले आणि संघटनेचे अध्यक्ष. पाळीची वाफेची शिट्टी त्यांच्या हाती होती, आणि संपाची पहिली शिट्टीही त्यांनीच वाजवली होती. आता बॉयलरची बरीचशी कामं एक डबा आपोआप करायचा आणि काका त्या डब्याकडे जावयाकडे बघावं तसं बघायचे, कौतुक नाही आणि तक्रार करायची सोय नाही.

"ताई, बस. नवा नियम आलाय," ते म्हणाले. "आता एका छताखाली जेवढी डोकी काम करतात तेवढी सगळी मोजणार. निळी, पिवळी, सगळी. ज्या संघटनेकडे निम्म्याहून जास्त डोकी, तिच्याशीच मालकाने करार करायचा."

"आणि आपल्याकडे?"

"निम्म्याहून कमी." काकांनी वाफेचा दाब दाखवणाऱ्या गेजच्या काचेवरून फडकं फिरवलं. ती काच आधीच लख्ख होती. "पुढच्या महिन्यात मोजणी. त्यात मॅनेजरने स्नेहमंडळ नावाची दुसरी संघटना काढलीय, ठाऊक आहे ना? पिवळ्यांना जेवणाचे डबे वाटतायत. डब्याच्या झाकणावर मंडळाचं नाव."

"स्नेह डब्यात भरून देतायत होय."

"हस तू. उद्या मंडळाकडे डोकी गेली तर आपली संघटना म्हणजे भिंतीवरचा फोटो. खुर्च्या, मोजे, रजा, सगळं मंडळ सोडून देईल, आणि वर टाळ्या वाजवेल."

ताईचं हसू गेलं. तिच्या डोळ्यांसमोर खुर्च्याच आल्या. त्यांच्या लाकडावर बसून बसून झालेली झिलई आली.

"घटना बदलू, पिवळ्यांना कार्ड देऊ," काका म्हणाले. "कमिटीत बोलणं झालंय. मोठ्या मनाने आत घेऊ त्यांना. मागे पाण्याचा कूलर बंद झाला तेव्हा त्यांनी काय केलं आठवतं? सगळ्यांनी मिळून कंत्राटदाराच्या त्या मोबाईलमधल्या हजेरीत 'उपलब्ध नाही' म्हणून बटण दाबलं. सकाळी टेबलावर चिटपाखरू नाही. दुपारी कूलर चालू! न झेंडा, न घोषणा, न शिट्टी." ते जरा थांबले. "मी हसलो होतो तेव्हा. बटणाचा संप म्हणून. पण मनात म्हटलं, पोरींच्यात दम आहे."

"मग हे त्यांना सांगा की."

"सांगू, सांगू. आधी तू घरात बोल. त्यांची म्होरकी तुझ्या स्वयंपाकघरातच तर आहे."

काकांना काय माहीत, तिच्या स्वयंपाकघरात कोण कुणाची म्होरकी होती ते.

*

घरी गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायचं काम संध्याकाळी दोघींचं. चादरी आल्या की सासू एका टोकाला, सून दुसऱ्या टोकाला. ताणायच्या, झटकायच्या, जवळ यायचं, कोपरे द्यायचे, पुन्हा लांब जायचं. दोघींच्या हाताला आता सांगावं लागत नसे. मुलगा खालून चहा घेऊन यायचा आणि दोघींचे चेहरे बघून, वारा कुठून आहे ते ओळखून, कप ठेवून निघून जायचा. आज तर तो पायरीवरूनच परत फिरला.

"सूनबाई, संघटना तुम्हाला कार्ड देणार आहे," ताईने चादर झटकता झटकता सांगितलं. "येत्या रविवारी सभा आहे. सगळ्यांना घेऊन ये."

"का?"

"का म्हणजे? एवढी वर्षं कुणाला मिळालं नाही ते तुम्हाला मिळतंय."

"तेच विचारतेय, आई. एवढी वर्षं नाही, मग आत्ताच का?"

"संघटना आहे, बाई, ती मोठ्या मनाने..."

सून हसली. वाईट हसली नाही, पण हसली. "मोठं मन. बरं. ते मन सकाळी सात वाजता कुठे असतं? मी आलेय त्या दिवसापासून तुमच्या त्या कात्रीबाईंनी मला 'पाणी कुठे आहे' एवढंसुद्धा सांगितलं नाही. 'आत घेतो' म्हणता. आम्ही बाहेर कुठे आहोत? त्याच वाफेत उकडतोय."

"मंडळाचे डबे चालतात तुम्हाला, संघटनेचं कार्ड चालत नाही?"

"डबा घेतला, कारण डबा चांगला आहे. भाजी सांडत नाही." सुनेने कोपरे जुळवले. घरी तिचा कोपरा वाकडा जात नसे, हे ताईच्या आज पहिल्यांदा लक्षात आलं. "मंडळात नाव नाही दिलंय अजून कुणी. पण देतील. मॅनेजर निदान सरळ सांगतो, मला तुमची सही हवी. तुम्ही लोक ताकाला येता आणि भांडं लपवता."

ताईच्या हातातली चादर थांबली.

"राग आला?" सुनेने विचारलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "एक सांगू? पहिल्या दिवशी मी तुमच्या समोर चादर धरली होती. मला कुणी काही सांगितलं नव्हतं. मला वाटलं, आई आहेत, धरतील. घरी धरतातच की. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि वळून गेलात. ती चादर सगळी अंगावर आली माझ्या. सगळा हॉल बघत होता."

"तो नियम आहे, बाळा. त्या नियमावर..."

"माहीत आहे मला. तुमच्या संपाची गोष्ट मला लग्नाआधीपासून पाठ आहे, तुमच्या मुलाने सांगितलेली. तेवढ्यासाठीच तर घर बघायला आले तेव्हा म्हटलं, ही सासू पाहिजे." तिने शेवटची घडी ताईच्या हातात ठेवली. "चहा गार होतोय."

चहा खालीच होता, तो गार होऊन गेला होता. ताई घडी घेऊन बराच वेळ गच्चीवर उभी राहिली. आपला अपमान झाला की आपलं कौतुक झालं, हे तिला ठरवता येईना. आपलेच दात, आपलेच ओठ. चावलं तर दुखणार कुठे?

*

त्या आठवड्यात मोठ्या दवाखान्याची गाडी वेळेच्या आधीच फाटकात येऊन उभी राहिली. शहराबाहेर बसला अपघात झाला होता आणि दवाखान्यातल्या चादरी संपल्या होत्या. ड्रायव्हर हॉर्न वाजवत नव्हता, नुसता दार उघडं टाकून उभा होता, आणि ते हॉर्नपेक्षा वाईट होतं.

सगळे रोलर भरधाव चालले. कोणी कोणाशी बोलेना. ताईच्या समोर कात्री होती. दोघी ओली चादर ताणून रोलरच्या तोंडात देत होत्या, एकीच्या मागून एक, आणि मधेच कात्रीचा हात सैल पडला. ताईने बघितलं तर तिचा चेहरा पांढरा, ओठ कोरडे.

"बस तू. खुर्चीवर बस!"

"नाही, मी..."

"संप करून मिळवलेली खुर्ची आहे ती, शोभेला नाही. बस म्हणते ना!"

कात्री बसली. पण चादर निम्मी रोलरमध्ये होती आणि तिचं दुसरं टोक हवेत. एका बाजूने ढिली पडली तर ती गुंडाळली जाणार, रोलर अडकणार, कापड जळणार, आणि तो गार होऊन साफ होईपर्यंत दवाखान्याची गाडी उपाशी. बाकीच्या निळ्या आपापल्या रोलरला बांधलेल्या. लाल बटण ताईच्या कोपराशी होतं. दाबायचं, थांबवायचं, नियम सांगायचा. तेच बरोबर होतं. तिनेच तर किती नव्या पोरींना शिकवलं होतं.

फरशीवरची रेघ ओलांडून एक पिवळा एप्रन आला आणि त्याने ते टोक पकडलं.

सून. रोलरच्या पलीकडून ती ताईकडे बघत होती. हॉलमध्ये यंत्रं चालू होती, पण माणसं थांबल्यासारखी वाटली.

"धरू की सोडू, मॅडम?" सुनेने ओरडून विचारलं. कारखान्यात ती सासूला मॅडम म्हणायची. त्यात किती मान आणि किती टोमणा, हे ताईने कधी मोजलं नव्हतं.

ताईने कोपर बटणापासून दूर घेतलं.

"शिवणीची बाजू वर घे," ती ओरडली. "मग बघ कशी सरळ जाते."

चादर सरळ गेली. मग दुसरी. मग कितीतरी. सुनेला लय सापडायला वेळ लागला नाही, गच्चीवरचीच लय ती. थोड्या वेळाने बघावं तर आणखी एक पिवळी शेजारच्या रोलरशी आली होती आणि एका थकलेल्या निळीने काही न बोलता तिला टोक दिलं होतं. गाडी भरली. ड्रायव्हरने दार लावताना आत हात केला. कुणाला केला ते कळलं नाही, म्हणून सगळ्यांनीच आपापल्या मनाशी तो घेतला.

ताईला त्या वेळी एवढंच कळलं, की इतक्या वर्षांत तिने लाँड्री एवढी झपाट्याने चाललेली पाहिली नव्हती. आणि छाती भरून आली होती ती काही फक्त वाफेने नाही.

कात्री मात्र खुर्चीवरून सगळं बघत होती. तिला पाणी पाजलं ते एका पिवळ्या पोरीनेच. पाणी पिऊन झाल्यावर ती ताईला एवढंच म्हणाली, "रविवारी सभेत बोलू." हे ती कानात नाही, मोठ्याने म्हणाली.

*

संघटनेची खोली सायकलच्या दुकानावर होती. जिना अरुंद, भिंतीवर संपातला मोठा फोटो. फोटोत कडेला एक किडकिडीत मुलगी मूठ आवळून उभी होती. ती ताई. नवीन आलेल्यांना ते सांगितलं तर ते आधी फोटोकडे, मग ताईच्या कमरेकडे बघायचे.

रविवारी सकाळी निळ्या सगळ्या आल्या आणि सवयीने बाकांवर बसल्या. मग जिन्यावर पावलं वाजायला लागली, ती थांबेचनात. पिवळ्या दोघी-तिघी येतील असं कमिटीला वाटलं होतं. त्या सगळ्याच आल्या. एप्रन नव्हते, तरी कोण कुठली ते कळत होतं, कारण त्या उभ्या होत्या. बाकांवर जागा नव्हती आणि सरकून घ्यायचं कुणाला सुचलं नाही.

शिट्टीकाका उठले. त्यांनी संपापासून सुरुवात केली. ते संपापासूनच सुरुवात करायचे, मुलाच्या लग्नातही केली होती. ओल्या चादरींचे डोंगर, मालकाचा पडलेला चेहरा, पहिल्यांदा खुर्चीवर बसलेल्या त्या म्हाताऱ्या बाईने, "आता उठवू नका रे मला," असं म्हटलं होतं ते. निळ्यांना सगळं पाठ होतं, तरी त्यांचे चेहरे उजळले. भिंतीला टेकलेल्या पिवळ्यांपैकी काहींचेही. ती गोष्टच तशी होती. कुणाचीही असो, ऐकताना आपली वाटायची.

"आणि म्हणून," काका म्हणाले, "आज संघटना मोठ्या मनाने आपली दारं उघडतेय."

कात्री उभी राहिली. "दारं मागाहून उघडा. आधी सरचिटणीसांनी सांगावं. परवा रोलरवर तू कार्ड नसलेलीचं टोक धरलंस की नाही?"

"मी नाही धरलं. तिने माझं धरलं."

बाकांवर हशा पिकला. कात्री हसली नाही.

"शब्दांत पकडू नको मला. ज्या नियमावर आपण उभ्या राहिलो तो तू मोडलास. मी त्या संपात होते. एकटीने ओल्या चादरी ओढून माझ्या आईच्या हाताला फोड आले होते त्या वेळी, तरी तिने बाहेरच्यांचं टोक धरलं नाही. मला उत्तर पाहिजे. का?"

ताईला एकदम कात्रीचा अभिमान वाटला. ही बाई उगीच कुरकुर करत नव्हती. तिला जे सांभाळायला दिलं होतं ते ती सांभाळत होती.

"चादर जळली असती," ताई म्हणाली.

"आणि?"

"आणि गाडी उभी होती."

हे खरं होतं, पण पुरं नव्हतं, आणि खोलीतल्या सगळ्यांना ते कळलं. तेव्हा भिंतीजवळून सुनेने हात वर केला. शाळेत करतात तसा.

"मी विचारू का? नाहीतर परत जाऊ. रविवार आहे, घरी कपडे धुवायचेत." पिवळ्यांत खसखस पिकली. "तुम्ही आम्हाला का बोलावलंत? एवढंच सांगा."

"नवीन नियम आलाय, पोरी," कमिटीतला एक जण म्हणाला. "सगळी डोकी मोजतात आता."

"म्हणजे नियमाने बोलावलं. तुम्ही नाही."

"एकी पाहिजे म्हणून," दुसरी म्हणाली.

"एकी कालपरवापर्यंत कुठे होती?"

"तुमच्या भल्यासाठी बोलावलंय," शिट्टीकाका जरा दुखावून म्हणाले. "तुम्हाला मोजे मिळावेत, रजा मिळावी..."

"काका, मंडळवालेही आमच्या भल्यासाठीच डबे देतायत. सगळ्यांना आमचंच भलं पडलंय. आम्ही किती नशीबवान!"

काकांनी चष्मा काढून पुसला. त्यांच्या बॉयलरच्या काचेसारखाच तोही लख्ख होता. कात्री अजून उभीच होती. एक निळी पदराशी चाळा करत बसली, दुसरी फोटोकडे बघत. सगळ्यांना ठाऊक होतं काय म्हणायचं ते, पण ते शब्द या खोलीत कधी उच्चारले गेले नव्हते. या माणसांनी मालकाकडेसुद्धा कधी काही मागितलं नव्हतं, ते मिळवलं होतं. त्यातच त्यांची ऐट होती, त्यावरच त्यांची मान ताठ होती. मागायचं म्हणजे कसं, हेच कुणाला येत नव्हतं.

ताई बाकावरून उठली. पायात गोळा आला होता, म्हणून जरा थांबली. मग ती मधल्या वाटेने चालत भिंतीपर्यंत गेली आणि पिवळ्यांच्या समोर उभी राहिली. आता तिच्या पाठीशी फोटो होता आणि समोर सून. सुनेचे डोळे चमकत होते, पण ती मदत करणार नव्हती. ताईला त्याचंही बरं वाटलं. हीच पाहिजे होती.

"कात्रीने विचारलं, टोक का धरलं," ताई म्हणाली. "ती विचारते ते बरोबर आहे. आम्ही जे मिळवलं ते भीक मागून नाही मिळवलं, आणि ते मला कुणासमोर कमी करून सांगायचं नाही. मरेपर्यंत नाही सांगणार. त्या दिवशी लाल बटण माझ्या कोपराशी होतं. मी दाबलं नाही, ते चादरीसाठी नाही आणि गाडीसाठीही नाही. समोर बघितलं, तर टोक धरायला आमच्यातलं कुणी उरलेलं नव्हतं."

मागे बाक करकरला. ताईने मान खाली घातली नाही. फोटोतल्या त्या किडकिडीत पोरीची होती तशीच ती ताठ होती, आणि आवाज जिन्याखालच्या सायकलवाल्यालाही ऐकू जावा असा.

"ऐका मग. तुमच्या भल्यासाठी नाही, नियमासाठी नाही, आणि मोठ्या मनाने तर मुळीच नाही. आम्ही कमी पडलोय. आम्हाला तुमची गरज आहे."